शेठची हेराल्ड आमच्या दारात

भिवंडीच्या माणसाला भंगाराचा भाव तोंडपाठ असतो. गेल्या काही वर्षांत आमच्या गावात साधे यंत्रमाग किलोवर विकले जाताना सर्वांनीच पाहिले आहेत. ज्या मागावर बापाने संसार केला तो टेम्पोत चढवताना मुलगा वजनकाट्यावर नजर ठेवून उभा असतो. अशा दिवसांत, २०२१ च्या दिवाळीनंतर, कामतघरला आमच्या दारापुढे एक मोडकी मोटार टेम्पोतून उतरली तेव्हा गल्लीतले लोक हसले. "लोक भंगार विकतात, हे विकत आणतात," असे एका शेजारणीने आमच्या आईला ऐकवलेही. आईने उत्तर दिले नाही, कारण तिचेही मत तेच होते.

वाचकहो, ती गाडी म्हणजे १९६६ सालची दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड. आमच्या अण्णांनी ती एकोणीस वर्षे चालवली. चालवली खरी, पण मालकी शेठची. अण्णा एका सूत व्यापाऱ्याकडे १९७४ ते १९९३ या काळात ड्रायव्हर होते. सकाळी सातला गाडी धुवायची, शेठना पेढीवर सोडायचे, दुपारी घरचा डबा न्यायचा, आठवड्यातून दोनदा मुंबईला मुळजी जेठा मार्केटची फेरी करायची. १९९३ साली शेठनी नवी गाडी घेतली. हेराल्ड नारपोलीच्या एका गोडाऊनमध्ये सुताच्या गाठींमागे ढकलली गेली, आणि त्याच महिन्यात अण्णाही घरी बसले. नोकरी संपताना हाती काय पडले तो विषय इथे नको. जे पडले नाही त्याची यादी आईला अजून पाठ आहे.

अठ्ठावीस वर्षांनी शेठच्या मुलांनी ते गोडाऊन रिकामे करायला काढले आणि निरोप धाडला, की अण्णांना गाडी हवी असेल तर भंगाराच्या भावाने न्यावी, नाहीतर परवा भंगारवाला येणार आहे. हेराल्डचे वजन आठशे किलोच्या आसपास भरते. थोरल्या बंधूंनी आणि आम्ही मिळून पैसे भरले.

हा उद्योग कशासाठी, हे आधीच सांगून टाकतो. अण्णांचे वय तेव्हा चौऱ्याहत्तर, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. त्यांच्या मनात एकच होते, की गाडी एकदा चालू व्हावी आणि आईला तिच्यात बसवून न्यावे. एकोणीस वर्षांत आई त्या गाडीत एकदाही बसली नव्हती. शेठनी मनाई केली होती असे मुळीच नाही. अण्णांनी कधी विचारलेच नाही.

गाडीचे कुळ

हेराल्ड ही विलायतेतल्या कॉव्हेन्ट्री शहरच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीची गाडी. १९५९ साली ती तिकडे बाजारात आली. तिचा नाकनकाशा काढला तो इटलीतल्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी. त्या काळी इतर कारखाने चॅसिस आणि बॉडी एकजीव करू लागले होते. हेराल्ड मात्र जुन्या पद्धतीने, वेगळ्या चॅसिसवर बॉडीचे तुकडे बोल्टने आवळून बनवलेली. याचे कारण मोठे गमतीचे आहे. स्टँडर्डला बॉडी पुरवणारा फिशर अँड लडलो हा कारखाना १९५३ साली प्रतिस्पर्धी कंपनीने विकत घेतला. अख्खी बॉडी बनवून देणारे कुणी हाताशी उरले नाही, तेव्हा वेगवेगळ्या ठिकाणी तुकडे बनवून ते जोडायची युक्ती काढावी लागली. त्या कारखानदारांची जी अडचण झाली ती आमच्यासारख्यांच्या पथ्यावर पडली. छप्पर बोल्ट काढून उचलता येते, पुढचा सगळा मुखवटा मडगार्डांसकट पुढे उलथतो, मधली बॉडीही दोन भागांत सुटते. हे सर्व साध्या पान्यांनी, अंगणात होते.

याच चॅसिसची लांबी कमी करून कंपनीने १९६२ साली स्पिटफायर ही उघडी, दोन आसनांची स्पोर्ट्स गाडी काढली. नाव लढाऊ विमानाचे, रूप श्रीमंत पोरांना वेड लावणारे, नकाशा पुन्हा मिकेलोत्तींचाच. खाली पाहिले तर मात्र आमच्या हेराल्डचीच हाडे. ही भाऊबंदकी पुढे आमच्या फार उपयोगी पडली, ते येईलच.

आपल्याकडे हेराल्ड १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कारखान्यात बनू लागली. परवान्यांच्या त्या जमान्यात मोटार घ्यायची तर अँबेसिडर, फियाट नाहीतर स्टँडर्ड, एवढीच निवड असे. पुढे मद्रासवाल्यांनी चार दारांची हेराल्डही काढली, जी खुद्द विलायतेत कधीच बनली नाही. १९७२ साली गॅझेल आली. शेवटी १९८५ मध्ये आणलेली स्टँडर्ड २००० ही महागडी गाडी चालली नाही आणि तीन वर्षांत मोटारींचे काम थांबले.

आजच्या मुलांना विलायती मोटार म्हणजे रस्त्यावर दिसणारी एमजी ठाऊक असते. ती अक्षरे ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेस या दुकानाची. एमजीच्या ठेंगण्या स्पोर्ट्स गाड्या ज्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनत तो १९८० साली बंद झाला. पुढे हे नाव चिनी कंपनीकडे गेले आणि आपल्याकडच्या त्या गाड्या गुजरातेत हलोलला बनतात. आणखी एक मौज सांगतो. १९५५ च्या एमजीए या स्पोर्ट्स गाडीत १४८९ सीसीचे जे इंजिन होते त्याच घराण्याचे इंजिन आपली अँबेसिडर कितीतरी वर्षे वाहत होती. साहेबाच्या गाडीचे काळीज आणि सरकारी कचेरीपुढच्या गाडीचे काळीज एकाच साच्यातले.

आधी कागद, मग पाना

कुणा वाचकाच्या मनात असे काही करायचे असेल तर आमचे पहिले सांगणे हेच, की गाडीला हात लावण्याआधी कागद पाहा. नोंदणी पुस्तकावरचा चॅसिस नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळला पाहिजे. आम्ही चॅसिसच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली आणि छाप घेतला. एका आकड्यावर गंजाचा फोड होता. तो रॉकेलच्या चिंधीने पुसून पुसून काढला तेव्हा कुठे सात दिसला. हा आकडा गेला असता तर आमचे पुढचे सगळे कष्ट गेले असते.

मालक वारलेला असेल तर गाडी आधी वारसांच्या नावे करावी लागते, त्यासाठी फॉर्म ३१ असतो. तिथून आपल्या नावे करायला फॉर्म २९ आणि ३०. शेठच्या मुलांनी सह्या बिनतक्रार दिल्या, हे नमूद करायला हवे. वेळ गेला तो दुसऱ्याच गोष्टीत. जुन्या वहीतली नोंद संगणकावर चढलेलीच नव्हती. ती शोधून चढवून घ्यायला आम्ही किती खेपा घातल्या ते मोजायचे आम्ही पुढे सोडून दिले. थकलेला कर किती, उशिराचे शुल्क किती, पर्यावरण कर किती, हेही सौदा करण्याआधी विचारून घ्यावे. ते आम्ही नंतर विचारले आणि ओशाळलो.

पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या खासगी गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये वेगळी नोंदणी सुरू केली आहे. त्यात नंबरात 'व्हीए' अक्षरे येतात. शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षे, पुढे नूतनीकरणाला पाच हजार. आमची गाडी त्यात बसत होती. आम्हाला मोहही झाला. पण अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला किंवा पेट्रोल भरायला नेता येते, रोजच्या वापराला नाही. आईला मावशीकडे न्यायचे म्हणजे काही प्रदर्शन नव्हे. म्हणून फॉर्म २५ भरून साधेच नूतनीकरण करायचे ठरले. आम्ही केले तेव्हा मोटारीचे हे शुल्क पाच हजार होते. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारींना ते दहा हजार झाले आहे.

जॉबरचे हात

आमचे थोरले बंधू तीस वर्षे मागावर जॉबर होते. भिवंडीचे कित्येक माग म्हणजे मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले, लँकेशायरच्या धर्तीचे. त्यांना कंपनीचे सुटे भाग कुठले मिळायचे? जॉबर, लेथवाला आणि ओतकाम करणारा यांनी मिळून ते चालते ठेवले. मोटारीचे इंजिन बंधूंनी आयुष्यात उघडले नव्हते. पण बंद यंत्राजवळ कसे जायचे हे त्यांना ठाऊक होते, आणि आमच्या मते निम्मी विद्या तीच.

अण्णांचा हट्ट होता, की नवी बॅटरी आणू आणि चावी फिरवून बघू. बंधूंनी तो मोडून काढला.

"अण्णा, अठ्ठावीस वर्षं बंद असलेल्या मागाला आपण एकदम मोटर जोडतो का? आधी हाताने एक फेरा काढतो ना?"

अण्णा गप्प बसले. चारही प्लग काढून भोकांतून डिझेल आणि इंजिन ऑइलचे मिश्रण ओतले आणि वर चिंध्या कोंबल्या. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर पुढच्या पुलीच्या नटाला मोठा पाना लावून अलगद जोर द्यायचा, हलले नाही तर सोडून द्यायचे. अकराव्या दिवशी पुली बोटभर फिरली. बंधू कुणाला काही न सांगता हातपाय धुऊन जेवायला बसले. आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले.

पान्यांचीही एक गोष्ट आहे. मागांवरचे जुने बोल्ट व्हिटवर्थ मापाचे, त्यांचे पाने बंधूंकडे पेटीभर होते. ते एकही या गाडीला बसेना. हेराल्डचे बोल्ट इंचातलेच, पण माप वेगळे. आजकालचा तेरा नंबरचा पाना अर्ध्या इंची डोक्यावर बसल्यासारखा वाटतो आणि जोर दिला की कडा गोल करून टाकतो. तीन बोल्टांचे डोके आम्ही असे वाया घालवले. मग कुर्ल्याच्या भंगार बाजारातून इंची पान्यांचा जुना सेट आणला. आम्ही सर्वांत आनंदाने केलेला खर्च तो.

अंगण आमचे दहा बाय पंधरा. गाडीची लांबी पावणेतेरा फूट, रुंदी पाच फूट. म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी गेली. त्यावरून घरात काय झाले ते छापण्याजोगे नाही. सुटलेला प्रत्येक बोल्ट लोणच्याच्या रिकाम्या डब्यांत गेला. आयटीआयमध्ये शिकणारी आमची पुतणी डब्यावर चिठ्ठी लावी आणि काढण्याआधी फोनवर फोटो घेई. हे फोटो नसते तर दोन वर्षांनी आम्हाला वायपरची मोटर कुठल्या बाजूला होती हेही आठवले नसते.

गंज मात्र आमच्या अंदाजापेक्षा जास्त निघाला. गोडाऊनमध्ये पाऊस थेट येत नसला तरी ओल असते, आणि सुताची धूळ ती ओल धरून ठेवते. चॅसिसचा मुख्य कणा शाबूत होता. पण त्यातून दोन्ही बाजूंना निघालेले जे हात बॉडीला पेलतात ते बिस्किटासारखे झाले होते. डिकीचा तळ आणि दारांच्या खालच्या कडा गेल्याच होत्या. अशा वेळी पुट्टी भरून रंग मारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना जाऊ द्यावे. कुजलेला पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचा, तेवढाच नवा तुकडा वेल्ड करायचा, मग गंज-रोधक आम्ल, रेड ऑक्साइड, आणि पोकळ भागांत आतून मेण किंवा जाड तेल. आपल्याकडच्या पावसात शेवटची पायरी टाळली तर तीन पावसाळ्यांत सगळे पहिल्यासारखे.

एक चूक आमच्याकडून झाली. बॉडी उचलण्याआधी दारांच्या चौकटीत लोखंडी पट्टी आडवी वेल्ड करायची असते, म्हणजे पत्रा वाकत नाही. उजव्या बाजूला लावली. डाव्या बाजूला लावायची राहिली, कारण त्या दिवशी वेल्डरला घाई होती आणि आम्हालाही. गल्लीतल्या आठ पोरांनी 'हुप्पा' करून बॉडी उचलली आणि डावीकडची चौकट सुताभराने मिटली. ते दार आजही नीट लागत नाही.

स्पिटफायरचे उपकार

इंजिनात ९४८ सीसीचे चार सिलिंडर. दिसायला सरळ, पण त्याचे एक दुखणे ठाऊक असायला हवे. क्रँकशाफ्ट पुढेमागे सरकू नये म्हणून मागच्या बेअरिंगला दोन अर्धचंद्राकृती वॉशर असतात. ते झिजून गळून पडले की शाफ्ट थेट ब्लॉक खातो आणि इंजिन कामातून जाते. तपासायचे सोपे आहे. एकाने क्लच दाबायचा, दुसऱ्याने पुढची पुली पाहायची. ती डोळ्यांना दिसेल इतकी सरकली तर तेलाचा पॅन उतरवलाच पाहिजे. आमची सरकत होती.

दुसरी गोष्ट जिवाशी खेळणारी. पुढच्या चाकाचा उभा खांब खाली एका पितळी तुकड्यात आट्यांनी बसवलेला असतो. त्याला ट्रनियन म्हणतात. चाक वळले की खांब त्या आट्यांत फिरतो. तिथे गिअरचे घट्ट तेल घालायचे असते. आपले गॅरेजवाले सवयीने ग्रीस मारतात. ग्रीस वर बसून राहते, आत पाणी शिरते, आटे गंजतात, आणि एखाद्या वळणावर खांब मोडून चाक आडवे पडते. अण्णांनी हे ऐकले आणि म्हणाले, "आम्ही एकोणीस वर्षं ग्रीसच मारलं." मग बराच वेळ ते त्या उघड्या चाकाकडे बघत बसले. शेठची मुले शाळेत नेताना, मुंबईच्या रस्त्यावर, काय काय होऊ शकले असते ते त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावे.

हे भाग आणायचे कुठून? कुर्ल्यात आम्ही दोन रविवार फिरलो. फियाटचे, अँबेसिडरचे सामान निघे. हेराल्ड म्हटले की म्हातारे दुकानदार हसत आणि चहा पाजत. इथे स्पिटफायर धावून आली. त्या स्पोर्ट्स गाडीवर जीव टाकणारे लोक विलायतेत अजून हजारोंनी आहेत. १९७७ पासून त्यांचा ट्रायम्फ स्पोर्ट्स सिक्स क्लब चालतो, त्यात हेराल्डवालेही असतात. त्यांच्यासाठी लिंकनजवळची रिमर ब्रदर्स ही पेढी ट्रायम्फचे भाग विकते. दोन्ही गाड्यांची हाडे एक, म्हणून ट्रनियन, वॉशर, ऑइल सील हे सगळे मिळते. पुतणीने शोधून काढले, पार्सल आले, वर कस्टमचा भरणाही करावा लागला. दोन ट्रनियनचे आटे उलटसुलट असतात, डावा उजवीकडे बसत नाही. हे आम्ही पार्सल फोडल्यावर पाहिले, पण सुदैवाने पेढीने जोडी बरोबर धाडली होती.

बुश, पिना, दोन-तीन कंस आमच्या ओळखीच्या लेथवाल्याने मागाच्या कामातून सवड काढून करून दिले, पैसे न घेता. ट्रनियनही तो करून देतो म्हणाला. बंधूंनी नको सांगितले. धोटा मोडला तर कापड खराब होते, चाक मोडले तर माणूस जातो. हा फरक त्यांनी लेथवाल्याला फार गोडीने सांगितला.

बाकीचे थोडक्यात. साठच्या दशकातल्या विलायती गाड्यांत बॅटरीचे धन टोक चॅसिसला जोडायची पद्धत होती. आजच्या सवयीने उलटे जोडले तर नुकसान. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असते, त्याची धूळ फुंकू नये की हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जॅकवर गाडी असताना खाली शिरू नये, लाकडाचे ओंडके लावावेत. पेट्रोलची टाकी घरी वेल्ड करू नये, रिकामी टाकीही स्फोट करते. आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. ते जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा खाते, तेव्हा ते सगळे आजच्या पेट्रोलला टिकणारे घालावे.

वही

२०२३ च्या जूनमध्ये काम थांबले. पुतणीचे आयटीआय संपून तिला डिप्लोमाला प्रवेश मिळाला, फी भरायची होती. खर्चाची वही आईकडे असे. तिने ती उघडून मांडीवर ठेवली आणि अण्णांना म्हणाली, "अहो, बघा. तुमच्या गाडीला दार नाही बसलं तरी चालेल. पोरीचं वर्ष गेलं तर?" अण्णांनी त्याच रात्री ताडपत्री ओढून गाडीला दोऱ्या बांधल्या. आठ महिने ती तशीच राहिली. बॉडी एकीकडे, इंजिन एकीकडे, वहिनींनी अर्धवट शिवलेली रेक्झिनची कव्हरे माळ्यावर. आम्हाला वाटले संपले. अशा निम्म्या गाड्या याच टप्प्यावर भंगारात जातात.

एकूण खर्च कागदांसकट दोन लाख दहा हजारांवर गेला, तीन वर्षांत. त्या पैशांत जुनी पण धावती मारुती आली असती, हे आम्हाला सांगायला अनेक जण येऊन गेले. त्यांचे बरोबर आहे. या कामासाठी कर्ज काढू नये, दागिना मोडू नये, आणि घरच्या बाईचा होकार नसेल तर सुरूही करू नये.

पुन्हा काम सुरू झाले ते आईनेच वहीतून तीन हजार काढून दिले तेव्हा. कशाला म्हणून विचारले तर म्हणाली, "कपडे वाळत घालायला जागा हवी. एकतर चालू करा, नाहीतर काढा."

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये इंजिन पहिल्यांदा बोलले. म्हणजे आधी खोकले. पुतणीने प्लगच्या तारा एक-दोन-तीन-चार अशा ओळीने लावल्या होत्या, आणि इंजिनाचा क्रम एक-तीन-चार-दोन असतो. कार्ब्युरेटरातून फटाका निघाला, शेजारची पोरे पळाली. तारा बदलल्या, पंपाखालची छोटी तार हाताने दाबून पेट्रोल चढवले, पुन्हा चावी. गल्लीभर निळा धूर झाला आणि धुरात ते चालू राहिले. अण्णा बोनेटजवळ कान नेऊन उभे होते. "टॅपेट ढिले आहेत," एवढेच ते म्हणाले.

मग त्यांचा डोळा. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, डॉक्टरांनी फॉर्म १ए भरून दिला. परवान्याची मुदत संपून वर्षाहून अधिक झाले होते, म्हणून चाचणी द्यावी लागली. ज्या माणसाने एकोणीस वर्षे दुसऱ्याची गाडी ओरखडा न येऊ देता चालवली तो सतराव्या-अठराव्या वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभा राहिला. घरातून निघताना सदरा इस्त्रीचा घातला होता.

जानेवारी २०२५ मध्ये, एका रविवारी सकाळी सहाला, रस्ता मोकळा असताना गाडी काढायचे ठरले. हेराल्डला मागच्या आसनावर जायचे तर पुढचे आसन वाकवावे लागते. आईने एकदा त्या मागच्या आसनाकडे पाहिले आणि सरळ पुढे बसली. अण्णांनी आरसा नीट केला. डावे दार लागेना तेव्हा ते आईने हाताने धरले. आम्ही आणि बंधू स्कूटरवरून मागे, डिकीत दोरखंड आणि पाण्याचा कॅन.

अंजूरफाट्याच्या अलीकडे अण्णांनी इशारा न देता गाडी वळवली. हेराल्डचे एक वैशिष्ट्य असे, की ती अवघ्या पंचवीस फुटांत पूर्ण फिरते, मोठमोठ्या गाड्यांना जिथे मागेपुढे करावे लागते तिथे ही एका दमात वळते. समोरून येणारा कंटेनरवाला थांबून बघत राहिला. अण्णांनी ते मुद्दाम केले होते यात आम्हाला शंका नाही. आई आतून काहीतरी ओरडली. नंतर विचारले तर म्हणाली, "दार सुटलं असतं की हो माझ्या हातून."

घरी आल्यावर अंगणात गाडी लावली. तासाभराने पाहिले तर इंजिनाखाली रुपयाएवढा तेलाचा डाग. मागचे सील पुन्हा काढावे लागेल, असे बंधूंचे मत. गॅस्केटमधून येते, असे अण्णांचे. निर्णय होईपर्यंत तिथे आईची भाकरीची जुनी परात ठेवली आहे, आणि ती परत मागते आहे.